रेडकाच्या आवाजात मिसळलेलं हसू

अरे, आमच्या म्हशीचं रेडकू मेलं ना, तवाची गोष्ट ऐका. म्हैस पान्हाच सोडंना. आई आचळं चोळून दमायची अन् म्हैस नुसती दाराकडं बघायची. आई म्हणायची, "अशीच आटंल रं ही."

माझ्या मोबाइलात त्या रेडकाचा एक व्हिडिओ होता. मी त्याच्या डोक्यावर आबाची टोपी घातलेली, ते रेकतंय अन् मी खिदळतोय. शेजारची रेश्माताई विद्यापीठात जनावरांच्या आवाजाचा अभ्यास करते. तिनं त्यातला आवाज लॅपटॉपवर घेतला, तर पडद्यावर नुसत्या रेघाच रेघा.

"ही रेघ रेडकाची, अन् हा सगळा धिंगाणा तुझा," ताई म्हणली, अन् माझं हसणं पार पुसून टाकलं.

गोठ्यात नुसतं रेडकू वाजवलं. म्हशीनं कान टवकारले, पण दुधाचा थेंब नाय.

मी म्हणलो, "ताई, पुसायच्या आधीचं लाव की."

"त्यात रेडकापेक्षा तूच जास्ती हायेस."

"लाव तर!"

लावलं. रेडकू रेकलं, मी खिदळलो, अन् म्हैस अशी रेकली की विचारू नका. आईच्या हातात धार आली.

ताई हळूच म्हणली, "तिनं तिचं लेकरू तुझ्याबिगर कधी ऐकलंच नाय रे."

तेवढ्यात आवाज संपला अन् धार थांबली. आई ओरडली, "हस की रं मेल्या, एरवी तर तोंड मिटत नाय!"

अन् देवाशपथ सांगतो, मला हसूच येईना.