मागचा पट्टा

गॅरेजच्या बाकावर एक बाई दुरुस्तीला दिलेल्या स्कूटरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी, नुकतीच जुनी जीप घेतलेला एक गृहस्थ मिस्त्रीवर वैतागला होता. बाईंचे कान तिकडेच.

“फोर व्हील ड्राइव्हचा दांडा अडकतो म्हणून गाडी आणली, आणि तुम्ही सीटं कसली उचकटताय?”

“आधी गिअरबॉक्सचं तेल बघा, दादा. दूध घातलेल्या चहासारखं झालंय. पाणी शिरलंय.”

“विकणारा तर म्हणाला, गाडीनं कधी चिखलसुद्धा बघितला नाही.”

“सीटखाली ओंजळभर गाळ निघाला. छतातल्या दिव्यातही गाळ आहे.”

“छतात? म्हणजे अख्खी बुडाली होती? चक्क टोपी घातली की मला!”

“तसंच दिसतंय.”

“बरं, आता त्या मागच्या सीटच्या पट्ट्याचंही बघा. बक्कल उघडतच नाही. काल धाकटीला वरून ओढून काढावं लागलं, रडून गोंधळ घातला तिनं. शिवाय उंदरांनी कुरतडलाय म्हणे.”

“उंदीर इतकं सरळ कुरतडत नाहीत, दादा. ही सुरी आहे.”

“सुरी? पण पट्टा तर तुटलेला नाही.”

“नाही ना. कापणारा अर्ध्यावरच थांबलाय.”