बांडी आणि म्हातारी

तुम्ही आकडेवारीचं काढलंत म्हणून सांगते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अठ्ठ्याण्णव साली मी वडगाव रासाईला एका धनगर आबांच्या कळपामागं चार महिने हिंडले. दर दहा मिनिटांनी कोणती मेंढी कोणाशेजारी आहे, ते वहीत टिपायचं. त्यात बांडी नावाची एक मेंढी आणि एक म्हातारी मेंढी सारख्या जोडीनं दिसायच्या. हा योगायोग असेल का, म्हणून कॉलेजच्या कम्प्युटरवर सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या हजार वेळा पिसून पाहिल्या. त्यात एकदाही त्या दोघी इतक्या वेळा शेजारी आल्या नाहीत.

हे उत्तर घेऊन मी नदीकाठी गेले, तेव्हा एक व्यापारी बांडी विकत मागत होता आणि आबा नाही म्हणत होते. तो गेल्यावर मी म्हटलं, “आबा, या दोघी योगायोगानं एकत्र नसतात. आता सिद्धच झालं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “म्हातारीला दिसत न्हाई, ताई. बांडीच्या अंगाला अंग लावून चरती ती. बांडी दिली तर हिनं जायचं कुठं?”

मी म्हातारीच्या डोळ्यांसमोर हात हलवला. तिची पापणीसुद्धा लवली नाही. चार महिने मी तिच्यापासून दहा पावलांवर उभी होते.