दगडाची पाठ

माझं माहेर न् सासर दोन्ही साताऱ्याकडचं, आमची वस्ती गावाबाहेरची, न् वस्तीतला घरटी एक गडी पलटणीत. आमचं मालकबी फौजेत व्हतं, सरहद्दीवर गेलं, माघारी पदक आलं. काय सांगू ताई तुम्हाला, गावानं येशीत शहिदांचा दगड बसवला, सोहळा केला, न् मी बघते तर मालकांचं नाव म्होरं न्हाईच. सरपंच म्हनला, काकी, म्होरं जागा सरली, वस्तीतली नावं मागं घातल्यात. मागं म्हंजे भिंतीकडं. फटीत हात घालून चाचपलं तवा अक्षरं लागली.

तवापास्नं माझा कुनावर भरवसा न्हाई. आता ल्योक हिकडं आयर्लंडात, कॉर्कला औषधाच्या कंपनीत हाय, त्याच्याकडं आलीय, तर त्या सरपंचाच्या पोराचा फोन, आता त्योच सरपंच, काकी, नवा दगड करतोय, काकांचा फोटो द्या. एकच फोटो हाय माझ्यापाशी, पिशवीत संगं घिऊन फिरते. निवडनूक आली असंल, दुसरं काय.

अशात ल्योक म्हनला, आये, बंदरावर दगड बसवलाय, बघाय चल. अमेरिकेतलं काळं शिपाई, पराक्रमाची पदकं मिळालेलं, पयल्या म्हायुद्धाच्या लढाईला जाताना हितं उतरलं व्हतं म्हनं. जित्तं व्हतं तवा त्यास्नी जेवाय येगळं बसवायचं, पदकंबी लई जनांना मेल्यावर दिली. मी म्हनलं, मग आत्ताच कसा पुळका आला? नात म्हनली, आजी, इट्स ग्रँड, म्हंजे हिकडच्या बोलीत बरं हाय की. हिला समदंच ग्रँड.

लोक म्होरं फोटो काढत व्हतं, मी सरळ मागं गेले. बघते तर एक काळी म्हातारी आधीच वाकून दगडाच्या पाठीवरनं हात फिरवतीय. मला बघून दचकली, मीबी दचकले. नातीनं तिला इचारलं. आजा तिचा त्या पलटणीतला, अमेरिकेतनं आलीया. म्हनली, म्होरं नाव वाचलं, तरीबी मागं बघून घेतलं, आमास्नी खोडच लागलीय. पाठ कोरी व्हती ताई, गुळगुळीत. ती हसली, मंग दोघीबी रडलो, त्याला भाषा कुठं लागतीय.

घरी येऊन सरपंचाला फोन लावला. म्हनलं, बाबा, तुजं भलं होवो, दगड कर. पर येशीत भिंतीपास्नं लांब, मोकळा कर, न् आधी माझं पाय तितं लागू दे, म्होरं नाव बघीन, पाठ चाचपीन, मगच फोटो दीन. त्यो म्हनला, काकी, इश्वास न्हाई व्हय माझ्यावर? म्हनलं, न्हाई. फोटो अजून पिशवीतच हाय, ह्यो बघा.