साबणाने धुतलेला स्पंज

कल्पना करा हं मुलांनो, तुम्ही माशांच्या दुकानात रांगेत उभे आहात. तुमच्यापुढे आजी, आजोबा आणि नात. घरी त्यांचे डिस्कस मासे आहेत, बशीसारखे चपटे आणि मुलखाचे नाजूक. चारांतले दोनच उरलेत. आता कान द्या.

"सगळ्यात जोरदार फिल्टर दाखवा," आजोबा म्हणाले.

"जोरदार धारेत डिस्कस गरगर फिरत बसतील," दुकानदार म्हणाला. "हा साधा स्पंजचा घ्या."

"असाच आहे की घरी! तरी मासे माना टाकतात."

"माशांना मान कुठे असते, आजोबा?" नात म्हणाली.

"तू गप गं!"

"स्पंज धुता ना?" दुकानदाराने विचारलं.

"म्हणजे काय! रोज. साबण लावून, खसाखसा."

"आमच्याकडे धूळसुद्धा परवानगी काढून येते," आजी म्हणाली.

"अहो आजोबा, त्या स्पंजात चांगले जंतू राहतात. पाण्यातली घाण तेच संपवतात. तुम्ही रोज त्यांनाच मारता!"

"जंतू? माझ्या घरात?"

"भाडेकरू म्हणा," आजी म्हणाली.

"मग धुवायचाच नाही?"

"कधीतरी, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळा. साबण लागला, की मासे गेलेच समजा."

"माझ्याने नाही राहवणार."

"ठाऊक आहे. उद्या सकाळी बादली घेऊन बसाल," आजी म्हणाली.

नातीने हे सगळं ऐकलं. घरी पोचताच तिने एकूण एक साबणाची वडी दप्तरात लपवली. आजीने अंघोळीला हाक मारली, तेव्हा ती म्हणाली, "साबणच नाही गं! आणि माझेही भाडेकरू असतील की!"