भाडं नको म्हणणारी काकी

आता तुम्ही हसाल, पण तेव्हा मी खरंच घाबरले होते. दरडीत घर गेलं, आम्ही शाळेत राहत होतो. सोमवारी शाळा भरणार आणि माझी मुलगी आठ महिन्यांची. सरकार खोलीचं भाडं देणार होतं, फक्त घरमालकाची सही हवी. मला त्यातही काहीतरी गडबड वाटत होती.

तरी कागद घेऊन खालच्या वाडीतल्या काकीकडे गेले. तिची मागची खोली रिकामी होती. काकीने कागद हातात पण धरला नाही.

"सही बिही नको गो. तू अशीच रहा."

"मग भाडं?"

"भाडंही नको."

फुकट? मी मुलीला घट्ट धरलं. "काकी, खरं सांगा. खोलीत भूतबीत आहे काय?"

"भूत परवडलं गो! मुंबईला सहा दीर आहेत. घर सगळ्यांच्या नावावर. सरकारी कागदावर माझी एकटीची सही दिसली, तर पहिल्या गाडीने येतील भांडायला."

त्याच संध्याकाळी राहायला गेले. दीर खरे असतीलही. पण सामान आत न्यायच्या आधी कोपऱ्यात कुठे लिंबू ठेवलेलं नाही ना, ते मी बघून घेतलं.