लॉगबुकातले अकरा दिवस

(छोट्या विमानतळाच्या कडेची पत्र्याची शेड. दुपार. चार जणांचं जुनं विमान, पुढचं झाकण काढून जमिनीवर ठेवलेलं.)

भाऊ : टॉर्च खाली धर, ताई. अजून खाली. मी इंजिनाकडे बघतोय आणि तू माझ्या कानात उजेड पाडतेयस.

ताई : हात भरून आलाय रे. सकाळपासून धरलाय.

भाऊ : मग बस जरा त्या शिडीवर.

ताई : बसले तर उठायची नाही. दोन महिन्यांत हे सातवं विमान. सहा तू नाकारलीस.

भाऊ : हौस म्हणून नाही नाकारली. एकाच्या पंखात गंज, एकाच्या तेलात लोखंडाचा चुरा. त्या निळ्यात तर उंदरांनी संसार थाटला होता.

ताई : माहितीये. मीच होते ना तेव्हाही टॉर्च धरायला.

भाऊ : मग बोलतेस कशाला?

ताई : दमले म्हणून बोलते. डॉक्टरीणबाईंचा फोन होता सकाळी. आपलं विमान गेल्यापासून त्या बेटांवर होडीने जातायत. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. परवा पोचल्या, तर ज्या बाळंतिणीसाठी गेल्या होत्या ती आदल्याच दिवशी गेली होती. रागावल्या नाहीत रे, नुसतं म्हणाल्या, तुमचं काही जमतंय का बघा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाऊ : हं.

ताई : नुसतं हं?

भाऊ : इंजिन उत्तम आहे. चारही सिलिंडर दाब धरतायत. तेल स्वच्छ, तारा ताठ, ब्रेक नवे. घरातलं माणूस सांभाळावं तसं सांभाळलंय कुणीतरी.

ताई : म्हणजे घ्यायचं?

भाऊ : पुढची बाजू राहिलीय अजून. घाई करू नकोस.

मास्तर : चहा घ्या आधी. थर्मासमधला आहे, पण गरम असेल. काय म्हणतंय विमान?

ताई : तुमचं कौतुक करतंय, मास्तर.

मास्तर : बत्तीस वर्षं आहे माझ्याकडे. दोनशे अकरा जणांना यावरच उडायला शिकवलं. त्यातले नऊ जण आज मोठी विमानं चालवतात. एकीचा परवाच फोन आला होता. म्हणाली, मास्तर, मागे दोनशे माणसं बसलेली असतात आणि उतरताना मला अजून तुम्ही शेजारून दटावताय असंच वाटतं.

भाऊ : मास्तर, इकडे या जरा. इंजिनामागची ही पत्र्याची भिंत. खालून हात फिरवा.

मास्तर : काय आहे?

भाऊ : ते तुम्ही सांगायचं. डावीकडची पत्रा जोडायची रिबिटं एका जातीची, उजवीकडची दुसऱ्या. मधे एक पट्टी जास्तीची. काम झकास आहे, माझ्याच्याने एवढं सुबक व्हायचं नाही. पण पुढचं चाक सणकून आपटल्याशिवाय इथे कुणी पट्टी मारत नाही.

मास्तर : जुनं विमान म्हटलं की एखादं ठिगळ असायचंच.

भाऊ : ठिगळाला माझी ना नाही. ताई, ते लॉगबुक घे. दोन वर्षांपूर्वीचं पान, मी कागद घालून ठेवलाय. वाच.

ताई : चौदा तारीख, उड्डाण, पाऊण तास. त्याच्याखाली एकदम सव्वीस तारीख.

भाऊ : आणि मधे?

ताई : काही नाही. त्याच्या आधी एक दिवसाआड उड्डाण आहे, नंतरही आहे. टायरमध्ये हवा भरली तरी लिहिलंय.

भाऊ : टायरची हवा लिहिणारा माणूस ही पट्टी विसरत नाही, मास्तर.

मास्तर : पावसापाण्याचे दिवस होते. उड्डाणं बंद होती.

भाऊ : बरं. ताई, चल. मी सामान आवरतो.

ताई : थांब ना. काम चांगलं आहे म्हणालास की आत्ता.

भाऊ : दिसतंय तेवढं चांगलं आहे. आत काय मोडलं असेल ते आपटलं कसं, किती जोरात, त्यावर. त्याची नोंद नसेल तर तपासणीवाले साहेब सही करायचे नाहीत. आणि त्यांनी केली तरी मी तुला यात बसू देणार नाही.

ताई : पायलट मी आहे. कशात बसायचं ते मी ठरवीन.

भाऊ : मागेही तूच ठरवलं होतंस. मी इंजिन उघडू या म्हणत होतो, तू म्हणालीस आजच्या दिवस चालवून घेते. समुद्रावर बंद पडलं ते. तू वाळूत उतरलीस, विमान गेलं आणि तू राहिलीस. मी इकडे वायरलेसपाशी बसलो होतो. बावीस मिनिटं तुझा आवाज नव्हता, ताई.

ताई : हे कधी बोलला नाहीस तू.

भाऊ : सहा विमानं नाकारली ना. तेच बोलणं होतं.

ताई : मला वाटायचं, तुझा खोट काढायचाच स्वभाव आहे.

भाऊ : तोही आहे.

ताई : मास्तर, एक विचारते, राग मानू नका. त्या दिवशी एखादा विद्यार्थी चालवत होता का? त्याचं नाव खराब होऊ नये म्हणून तुम्ही लिहिलं नाहीत?

मास्तर : विद्यार्थी असता तर त्याच संध्याकाळी लिहिलं असतं. ते आपटायलाच येतात माझ्याकडे, त्यात लाजायचं काय. मी चालवत होतो.

ताई : तुम्ही?

मास्तर : उजव्या डोळ्यात मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं पुसल्यासारखं व्हायचं. मला वाटलं जमीन आली. मी विमान वर धरलं, तर जमीन अजून पाच फूट खाली होती. धाडकन बसलं ते पुढच्या चाकावर. शेजारी बायको होती. तिच्या बहिणीला भेटून येत होतो आम्ही. ती एवढंच म्हणाली, अहो, आज जरा जोरात झालं. घरी आल्यावर तिने माझ्यापुढे पेपर धरला, माझा डावा डोळा हाताने झाकला आणि वाचा म्हणाली.

ताई : मग?

मास्तर : मग शेडचं दार लावून अकरा दिवस एकट्याने काम केलं. तरुणपणी मी दुरुस्तीच करायचो, हात विसरले नव्हते. लिहिलं असतं तर डोळे तपासायला पाठवलं असतं. तिथेच संपलं असतं सगळं.

भाऊ : सव्वीस तारखेपासून पुढे सात महिने तुम्ही शिकवल्याच्या नोंदी आहेत.

मास्तर : आहेत. चालवायची ती मुलंच, मी नुसता शेजारी बसायचो. मनाची समजूत घालायचो, मी कुठे चालवतोय म्हणून. एकदा एका मुलीने विचारलं, मास्तर, समोरून विमान येतंय, दिसलं ना तुम्हाला? मला ते दिसलंच नव्हतं. मी हो म्हणालो. ती आपली आपण वळली म्हणून वाचलो. उतरल्यावर किल्ली काढली ती पुन्हा लावली नाही. लोकांना सांगितलं, गुडघे साथ देत नाहीत.

भाऊ : मास्तर, आता लिहा. कसं आपटलं, काय बदललं, सगळं. मग मी हा भाग उघडतो आणि आतलं तपासतो. तीन आठवडे जातील. आत धड निघालं तर साहेबांपुढे नेता येईल.

मास्तर : आणि खाली नाव माझं.

भाऊ : नाव तुमचं, सही तुमची. त्या सात महिन्यांबद्दल कुणी विचारलं तर उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

ताई : नाही लिहिलंत तरी आम्ही बाहेर बोलणार नाही, मास्तर. आवरून निघू. फक्त दुसऱ्या कुणाला विकू नका हे.

मास्तर : मागच्या महिन्यात आला होता एक जण. रंग बघूनच खूश. मुलगा नुकता पायलट झालाय, त्याच्यासाठी हवं होतं. मी भाव वाढवत गेलो, शेवटी वैतागून गेला तो.

ताई : मग आम्हाला का बोलावलंत?

मास्तर : तुमचा भाऊ लागोपाठ सहा विमानं नाकारून बसलाय असं कानावर आलं होतं.

भाऊ : लॉगबुक दे त्यांना, ताई. आजच्या पानावर लिहा, मास्तर. मागच्या रिकाम्या जागेत घुसडायचं नाही.

मास्तर : तेवढं कळतं मला. मीच शिकवायचो ते.

ताई : मी डॉक्टरीणबाईंना फोन करते. अजून तीन आठवडे होडीच, म्हणून सांगते.

भाऊ : मी सांगू का?

ताई : नको. मलाच सांगू दे. आधी हे होऊ दे.

मास्तर : पेन आहे का कुणाकडे? आणि ओळ कुठून सुरू होते ते दाखवा. डावा डोळाही आता उजव्याच्याच वाटेने चाललाय.

ताई : हे माझं बोट. याच्या बाजूने लिहीत चला.

मास्तर : पुढचं चाक... जोरात आपटलं. विमान मी चालवत होतो.

ताई : थोडं वर, मास्तर. हां, आता सरळ.

मास्तर : अक्षर लागतंय का?

ताई : लागतंय. लिहा पुढे.