सोलापूरची वाघीण ऑनलाइन

(मंगळवारची दुपार. मोबाइलवर गोळीबाराचा गेम रंगलाय. बिरुदेव पुण्यात, आपल्या खोलीवर. त्याच्या टीममधली, ‘सोलापूरची वाघीण’ नावाची खेळाडू सोलापुरात.)

बिरुदेव : ओ वाघीण, तिकडं नका पळू! त्या लाल घरात दोघं दबा धरून बसलेत. मागं फिरा, मागं... लागली गोळी. परत पडलात! थांबा, येतो उचलायला. एक बोलू का? राग नका मानू. तुम्ही पळता तेव्हा गोळी मारत नाही, आणि गोळी मारता तेव्हा पुतळ्यासारख्या उभ्या राहता. दोन्ही एकदम करायचं असतं. कधीपासून बघतोय. माइक तरी चालू करा की, बोला कायतरी.

वाघीण : न्हाय जमत मला.

बिरुदेव : अरे वा, बोललात! पक्क्या सोलापूरच्या दिसता. कुठल्या भागातल्या?

वाघीण : अक्कलकोट रोड. एमआयडीसीच्या मागं.

बिरुदेव : काय सांगता! आमचं घर पण तिथंच. कुणाच्या घरातल्या तुम्ही?

वाघीण : तुझ्याच की रं.

बिरुदेव : ...आई?

चिमाबाई : आदी उचल मला. रगात जायलंय बाईचं.

बिरुदेव : आई, तू? गेम? तुला फोनमधला अलार्म बंद करता येत नाही!

चिमाबाई : अजून बी येत न्हाय. त्यो पियी करती.

प्रियंका : दादा, मी पण आहे इथं. माझा जुना फोन दिलाय तिला. नाव मी ठेवलं, रिक्वेस्ट मी पाठवली, तू लगेच घेतलीस.

बिरुदेव : मला वाटलं, गावाकडचं कुणीतरी आहे.

चिमाबाई : मग कोन हाय? फोन केला तर तू उचलत न्हाईस. ‘मीटिंगमदी हाय, मीटिंगमदी हाय.’ पियी म्हनली, दादा फोनवर न्हाय, पर गेममदी असतू. म्हनलं, मग तितंच जाऊ.

बिरुदेव : आणि इतके दिवस मुकाट खेळलीस?

चिमाबाई : बोलून काय करू? तू ‘पळा’ म्हनायचास, मी पळायचे. आवाज तर येत हुता की तुजा.

बिरुदेव : बरं, बरं. मग आता नीट शीक. डावा अंगठा चालायला, उजवा गोळीला. दोन्ही हात वापर.

प्रियंका : दोन्ही हात कुठनं आणायचे तिनं?

चिमाबाई : गप गं पिये.

बिरुदेव : म्हणजे?

चिमाबाई : काय न्हाय. फोन तापतुया लई, तव्यावानी. त्याचं काय तरी सांग.

बिरुदेव : प्रियंका, काय झालंय?

प्रियंका : टॉवेलचं गाठोडं उचलताना घसरली कारखान्यात. डावा हात मोडलाय. प्लास्टर आहे कोपरापर्यंत. शिलाई बंद, घरीच असते.

बिरुदेव : आणि मला कुणी सांगितलं नाही? मी काय परका आहे का? हात मोडतो आणि...

चिमाबाई : वरडू नगं. तू कामात असतूस म्हनून न्हाय सांगितलं. असतूस का न्हाय कामात?

बिरुदेव : असतो की.

चिमाबाई : मग मंगळवारी दुपारच्याला हितं काय करालास?

बिरुदेव : घरनंच काम आहे आमचं. मध्ये जरा सुट्टी मिळते.

चिमाबाई : काल बी मिळाली. त्याच्या आदल्या शुक्रवारी सकाळधरनं मिळाली. तुज्या नावाफुडं हिरवा ठिपका असतू, त्यो मी चूल पेटायच्या आदी बगती.

बिरुदेव : आई...

चिमाबाई : सांग की. हितं कोन हाय ऐकाय? त्या लाल घरातलं दोगं?

बिरुदेव : नोकरी गेली, आई. दिवाळी झाली आणि आमची आख्खी टीमच काढली. माझं काम चांगलं होतं, साहेब स्वतः म्हणाले. तरी काढलं.

चिमाबाई : जेवतूस का?

बिरुदेव : हं?

चिमाबाई : जेवतूस का म्हनलं.

बिरुदेव : जेवतो. कधी डबा, कधी नुसता चहा.

प्रियंका : दादा, मला तरी सांगायचंस.

बिरुदेव : काय सांगू? रोज अर्ज करतो. मुलाखती देतो. ‘कळवतो’ म्हणतात, कुणी कळवत नाही. दुपारी डोकं बधिर होतं, मग खेळत बसतो. इथं निदान कुणीतरी पडलं की उचलता येतं.

चिमाबाई : मग खेळ की. खेळू नगं म्हनाय आलीया व्हय मी? मी बी खेळालीय.

बिरुदेव : आप्पांना काय सांगू, ते सुचत नव्हतं. त्यांनी आख्ख्या कारखान्यात सांगितलंय, पोरगा कंप्युटरात मोठा माणूस झाला म्हणून. कारखान्यातल्या सिद्धाप्पाकाकांच्या पोराला माझ्याकडं पाठवणार होते, नोकरीला लावायला!

चिमाबाई : पाठवू दे. तिगं मिळून खेळू.

प्रियंका : दादा, मागं बघ! कोणतरी येतंय!

बिरुदेव : आई, खाली बस! त्या दगडामागं! प्रियंका, सेटिंगमध्ये जा पटकन. गोळी ऑटोवर टाक. समोर माणूस आला की आपोआप सुटेल. आईला नुसतं चालवायचं आणि वळायचं.

प्रियंका : टाकली!

बिरुदेव : आई, वळ. उजवीकडं. अजून... अजून थोडं...

चिमाबाई : मेला! मेला रं मुडदा! बगितलास का?

बिरुदेव : बघितलं! एका हातानं!

चिमाबाई : हे आदीच सांगितलं असतंस तर किती मारलं असतं मी.

बिरुदेव : तू हात आधी सांगितला असतास तर मी आधी सांगितलं असतं.

चिमाबाई : व्हय. चुकलं दोगांचं बी.

बिरुदेव : मी येतो घरी. उद्या सकाळच्या गाडीनं. लॅपटॉप घेऊन येतो, अर्ज काय तिथनंही करता येतात.

प्रियंका : खरंच? ये की! माझा प्रोजेक्ट पण अडकलाय, कोड चालतच नाही.

बिरुदेव : बघतो. पण आई, आप्पांना तू सांगू नकोस. मीच सांगतो समोर बसून.

चिमाबाई : बरं.

बिरुदेव : चिडतील.

चिमाबाई : घटकाभर. मग भाईर जाऊन बसतील, मग येतील.

बिरुदेव : तुझा हात असा, प्रियंकाचं कॉलेज. घरात भाकरी कोण करतंय मग?

चिमाबाई : तुजं आप्पा.

बिरुदेव : आप्पा? आपले आप्पा?

चिमाबाई : व्हय की. जाड हुत्यात जरा, कडंला करपत्यात. तू आलास की खा, आन् काय बोलू नगंस.